हर्षा फळं खात नाही

९ एप्रिल, बुधवार

ढेमसं वाया गेलं. मसाला भरून केलं होतं, रश्मी करायची तसं. म्हणजे मला आठवतं तसं! सुगतनं वरचा मसाला चाटला आणि ढेमसं ताटाच्या कडेला लावून दिलं. पाच वर्षांचा आहे, त्याचं चालून जातं. हर्षानं हातच लावला नाही. कोरडी पोळी खाऊन उठली. दहा वर्षांची पोर, आणि फ्रॉक खांद्यावरून घसरतो.

डॉक्टर काल म्हणाले, आजार काही नाही, पण रक्त कमी आहे, वजन उतरतंय. "हंगामातली फळं द्या, भाज्या द्या. गोडीनं द्या सर, रागावून नाही." मी रागावतो असं त्यांना का वाटलं असेल? रागावतो का मी?

रात्री माधवीताईंचा अमरावतीहून फोन. रश्मीची मोठी बहीण, बोलण्यात आडपडदा नाही. "भाऊजी, जूनपासून हर्षाले माह्याकडं ठेवा. पोरगी सुकून राहिली तिथं." शाळा सुरू होईपर्यंत मला वेळ द्या, म्हणालो. "घ्या वेळ! तब्येत सुधरली तर ठेवा तुमच्याजवळ. नाई तं मी येतो अकोल्याले अन् घेऊन जातो."

दिवाळीनंतर रश्मी गेली. आता हर्षाही गेली तर... पण तिनं इथं राहावं हे मी तिच्यासाठी म्हणतो, की माझ्यासाठी?

११ एप्रिल

टरबूज आणलं. मोबाइलवर बघून त्याच्या चांदण्या कापल्या. सुगत कोपरापर्यंत ओला! बी गिळलीस तर पोटात वेल येईल म्हणालो, तर मुद्दाम दोन गिळल्या आणि शर्ट वर करून बसला — वेल बघायला. हर्षानं बिया काढून ताटलीच्या काठाला रांग लावली. मग सगळ्या चांदण्या सुगतपुढे सरकवल्या.

"पप्पा, मी का लहान आहो?"

१४ एप्रिल

जयंती. पांढरा फ्रॉक आतून पिना मारून बसवला. मिरवणुकीत शेवटपर्यंत चालली. खीर — दोन चमचे.

१७ एप्रिल

खरबूज, काकडी, रामफळ, फालसे. कॉलेजातून येताना काही ना काही आणतोच. फ्रिजचं दार लागत नाही.

आज चिवळ आणली. बारीक पानांची भाजी, निवडता निवडता जीव जातो. वाटलं, हातानं निवडली तर खाईल. तिघं बसलो. हर्षा सुगतला शिकवत होती, "अरे, मुया तोड, पानं नको चुरू! तुले किती खेपा सांगू?" हुबेहूब रश्मी. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो.

भाजी तिनंच वाढली. मला, सुगतला. स्वतःला नाही.

२३ एप्रिल

पहिला आंबा! चिरून फोडी पुढे ठेवल्या. हर्षानं मान फिरवली. "आता नको."

आता नको, म्हणजे पुढे कधीतरी हवा?

संध्याकाळी कुंपणाशी शेजारच्या दुर्गाबाई भेटल्या. त्या सांगू लागल्या, "सर, आमच्यात अक्षयतृतीयेले गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो, वर आंबा ठेवतो. त्याच्याआधी कोणी आंबा तोंडाले लावत नाई. तुमची हर्षा काल मले इचारत होती, खरंच भेटते का थो आंबा त्याईले?"

तेव्हा उजेड पडला. आईच्या आधी खायचं नाही, असं धरून बसली आहे पोर.

२६ एप्रिल

आमच्या घरात घागर भरत नाहीत. आजोबांनी छप्पन साली हे सगळं सोडलं, आणि हौस म्हणून सोडलं नव्हतं. मी वर्गात मुलांना सांगतो, पटत नाही ते करू नका. आणि आता?

बाबांना मूर्तिजापूरला फोन केला. "तुह्या आज्यानं इचार करून घागर सोडली," ते म्हणाले. "तू प्रोफेसर होऊन भरतं का आता?" मग, "पोरीनं काही खाल्लं का आज?"

नाही, म्हणालो.

"मंग मले काहून इचारतं?"

फोन ठेवला त्यांनी. हो की नाही, ते मला कळलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

घागर भरली नाही. रश्मीच्या फोटोपुढे फक्त एक आंबा ठेवला. ही पळवाट आहे, मला माहीत आहे. हर्षाला हाक मारली.

"हा कोणाले?"

"आईला. आधी तिला, मग तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, आई कुठं आंबा खाये? तिच्या ओठाले फोड येत. आमाले चिरून दे, अन् साबणानं हात धुये."

बारा उन्हाळे! दर वेळी ताटली माझ्याकडे सरकवायची — "तुम्ही घ्या, मी खाईन मागून." मला वाटायचं, आमच्यासाठी मागे ठेवते. आदरांजली सभेत मी माईकवर सांगितलं, स्वतः न खाता पोरांना द्यायची! लोकांनी डोळे पुसले. हर्षा समोरच बसली होती. तिनं काय म्हटलं असेल मनात?

"मग दुर्गाबाईंना का विचारलंस?"

"असंच. भेटत असन तं दुसरं काही ठेवू म्हटलं. कवठाची चटणी."

"आणि तू का खात नाहीस?"

आंबा सुगतनं खाल्ला. कोय चोखत अंगणभर फिरला.

१ मे

सुट्टी. काहीच आणलं नाही. धीर झाला नाही बाजारात जायचा. हर्षानं आज वरण-भात मागून घेतला! का ते कळत नाही.

२ मे

जांभळं दिसली म्हणून घेतली. दार हर्षानं उघडलं. पिशवी बघितली आणि तिथंच रडायला लागली.

"पप्पा, खरं सांगा. मले बी आईसारखं झालं ना? तिले दवाखान्यात ठेवलं तवाच तुमी रोज फळं आणत होते."