पुसट भिंत

अण्णा,

निघताना तुम्ही दिलेला साहेबांचा फोटो, निळ्या कोटातला, इथे रायस्वाइक या डच गावातल्या घरात बैठकीच्या भिंतीवरच आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगणं जड जाणार आहे. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहितोय.

पुण्यातला घरमालक म्हणाला होता, फोटो आतल्या खोलीत लावा, येणारे-जाणारे विचारतात. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "फोटो इथंच राहील. जागा आम्ही सोडतो." महिनाअखेरीला हातगाडीवर सामान लादून आपण निघालो. शाळा बदलावी लागली म्हणून मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोललो नाही. तुम्ही रागावला नाहीत. नव्या घरात खिळा ठोकताना फोटो धरायला मात्र मलाच बोलावलंत.

लॉकडाऊनमुळे मुलीची शाळा सध्या घरूनच चालते. तिच्या बाईंनी फार आपुलकीने विचारलं, वर्गात इतक्या देशांची मुलं आहेत, प्रत्येक घराने आपला सण सांगावा; भारताची दिवाळी तुम्ही आणि वर्गातल्या दुसऱ्या मराठी मुलाचे वडील मिळून सांगाल का? ते गृहस्थ मला एकदा सुपरमार्केटमध्ये भेटले होते. "आडनावावरून लक्षात येत नाही हो, मूळचे कुठले तुम्ही?" मी विदर्भ म्हणालो आणि दुधाच्या फ्रीजकडे वळलो. आपल्याकडे दिवे लागायचे ते बुद्धपौर्णिमेला आणि एप्रिलमधल्या जयंतीला. बाईंना हे सांगता आलं असतं, त्यांनी ऐकूनही घेतलं असतं. मी दिवाळीला हो म्हणालो.

त्या दिवशी लॅपटॉप उघडला तर माझ्या खांद्यामागे फोटो स्वच्छ दिसत होता. तेवढ्यात ते गृहस्थ पडद्यावर आले आणि मी मागचं सगळं पुसट करणारं बटण दाबलं. मग आकाशकंदील, करंज्या, किल्ला, आपल्या घरात कधी न झालेलं सगळं सांगितलं. बाई खूश झाल्या. शेजारी बसलेल्या मुलीने डचमध्ये विचारलं, "पप्पा, आपली भिंत कुठे गेली?" मी म्हटलं, असं जरा नीटनेटकं दिसतं.

तुम्ही असता तर ओरडला नसता. कप खाली ठेवला असता.

आता रोज सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी ती स्वतःच ते बटण दाबते, मग केस सारखे करते. मी ओट्यापाशी उभा राहून बघतो.