जिभेला चिकटलेली वाटी

मानपाडा, डोंबिवली पूर्व
गुरुवार, दुपारचे तीन

आदरणीय मंजुळा मावशीस,

तुझ्या भाच्याचा, धम्मपालचा, मनापासून जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? दहा दिवस मांडी घालून, तोंडातून अवाक्षर न काढता आणि फोन ऑफिसात जमा करून तू श्वास बघत बसलीयस, तेव्हा मन एकदम शांत झालं असणार. ते तसंच शांत धरून ठेव आणि मग पुढचं वाच. हे पत्र मी स्वतः टिटवाळ्याला येऊन शिबिराच्या खिडकीवर देणार आहे आणि तिथल्या माणसाला सांगणार आहे की हे मावशीच्या फोनला रबर लावून बांधा, म्हणजे पत्र सोडवल्याशिवाय फोन चालूच करता येणार नाही. बिल्डिंगचा ग्रुप उघडायच्या आधी हे वाच. पत्राला कारण काय ते येईलच, मी अजून स्वतःच हादरलेलो आहे.

पहिली गोष्ट, घर जागेवर आहे. मोगऱ्याला पाणी घालतो. गोंधळ दुधापासून सुरू झाला. तू जाताना दूधवाल्याला बंद करायला विसरलीस. (उत्तराकाकू म्हणते, तू ते काम मला सांगितलेलंस. सांगितलं असशील, तेव्हा मी चप्पल शोधत होतो.) रोज एक लिटर दूध दारात. मी एकटा किती पिणार? तू सांगितलेलंस, दूध नासवू नकोस, विरजण लाव. हे मात्र मला नीट आठवलं. चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये चार पातेली दही, आणि ऊन असं की पंख्याखाली बसलं तरी पाठीवरून घाम ओघळतो. तेवढ्यात मोबाईलवर एक बाई दिसली, तिने दह्यात फळं घालून फ्रीजरमध्ये टाकली आणि दोन मिनिटांत सगळं घर खूष. आता बर्फाच्या पदार्थातलं मला कळतं हे तुला माहीतच आहे. टेंभी नाक्याजवळच्या आईस्क्रीमच्या दुकानात मी पूर्ण अकरा दिवस कामाला होतो. बाराव्या दिवशी समोर नवरात्रीच्या मंडपाचे बांबू आले, बांधणारे लोक फार मस्त होते, त्यांच्याशी बोलता बोलता त्यांच्याच टेम्पोत बसून मी भिवंडीला गेलो. ते राहू दे.

तर दही मी मलमलच्या पंच्यात बांधून खिडकीच्या ग्रिलला टांगलं. पाणी निथळून घट्ट चक्का व्हायला पाहिजे, नाहीतर आत बर्फाच्या सुया होतात. त्यात साखर घातली, हापूस, चिकू, आणि कलिंगडही घातलं. (कलिंगड घालू नये. त्याची गारगोटी होते. माझी एक दाढ अजून दुखतेय.) आधी सगळं परातीत पसरलेलं, मोडून तुकडे करायचे म्हणून, पण परात तुझ्या फ्रीजरच्या दारातूनच आत जाईना. मग छोटी भांडी शोधायला लागलो. मावशी, तुझ्या मांडणीवर एकटीपुरत्या दोन वाट्या आहेत. दोन! म्हणून ओट्याखाली हात घातला, सिलेंडरच्या मागे, आणि तिथे एक गोणी लागली. गोणीत भांडी. वाट्या, पेले, झाकणाची पातेली, डबे, एकेक पेपरात गुंडाळलेलं, सतरा नग, घासूनपुसून लख्ख. मला वाटलं, तुझं ठेवणीतलं असेल. पेपर फाडून जमिनीवर टाकले आणि मावली तेवढी नऊ भांडी भरून फ्रीजरमध्ये लावली. भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावं घातलेली होती, पण भांड्यावरचं नाव कोण वाचतं? भांडं भरायचं असतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, अकरा वाजता मी एक वाटी बाहेर काढली. दही असं बसलेलं की चमचा वाकला. कडेला थोडंसं लागलेलं, ते म्हटलं चाटून बघू. मावशी, थंडगार स्टीलला कधीही जीभ लावू नकोस. चिकटली! ओढली तर कातडी निघेल असं वाटायला लागलं. अख्खी वाटी जिभेला लटकतेय, डोळ्यांतून पाणी, आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात उत्तराकाकू. खालच्या मजल्यावर तिने कुरडया वाळत घातलेल्या, आणि माझ्या पंच्यातलं दह्याचं पाणी रात्रभर त्यांच्यावर ठिबकलेलं. ती भांडायलाच आलेली, ओलसर कुरडई हातात पुरावा म्हणून घेऊन. माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मला वाटलं, हिला दया आली. ती आणखी जवळ आली, मान वाकडी केली आणि माझ्या हनुवटीखाली लोंबणाऱ्या वाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं. "सौ. उत्तरा महेंद्र." पुन्हा वाचलं. मग किंचाळली, "ही माझी वाटी आहे!" मी काय बोलणार? "आँ, आँ," एवढंच. तिचा मुलगा साईनाथ आवाज ऐकून धावत वर आला आणि आधी काय केलं असेल, तर फोटो काढला. कोमट पाणी त्याच्यानंतर.

मला काय माहीत गं, की ह्या एका वाटीवरून चार वर्षांपूर्वी ह्या जिन्यात महाभारत झालेलं! जीभ सुटेपर्यंत साईनाथने मला सगळं सांगितलं. उत्तराकाकूच्या माहेरच्या सहा वाट्या, त्यातली एक गेली, तिने आळ घेतला वरच्या विमलाबाईंवर, महिला मंडळाची मीटिंग भरली ती तुझ्याच हॉलमध्ये, आणि अध्यक्ष म्हणून निवाडा केलास तू. विमलाबाईंनी नवी वाटी आणून द्यावी आणि दोघींनी मन साफ करावं. विमलाबाईंनी रडत रडत नवी वाटी आणून दिली, आणि तेव्हापासून एक वर येताना दिसली की दुसरी खाली जायची थांबते. वाटी पूर्ण वेळ तुझ्या ओट्याखाली, तुझ्या खुर्चीपासून आठ पावलांवर! मी मोजली.

काकूने विचारलं, ही तुझ्याकडे कुठून आली? आणि मावशी, मी तुझं नाव वाचवायला गेलो. जीभ बधिर होती, डोकंही बहुतेक बधिर असावं. मी म्हटलं, मानपाड्याच्या भंगारवाल्याकडून आणली, दही लावायला. काकूने सरळ फ्रीजर उघडला, एकेक भांडं काढून नाव वाचलं, आणि जिन्यात जाऊन वरच्या दिशेने हाक मारली, "विमल! ए विमल, खाली ये!" चार वर्षांत पहिल्यांदा. साईनाथच्या हातातून मोबाईल पडला. विमलाबाई आल्या, हात पदराला पुसत, तोंड घट्ट. स्वतःचं पातेलं बघितलं. आणि दोघी, ज्या एका जिन्यात मावत नव्हत्या, त्या एका रिक्षात बसून भंगारवाल्याकडे गेल्या.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. त्या माणसाने हात जोडले म्हणे, बाई, मी पुठ्ठा आणि बाटल्या सोडून दुसरं काही घेतच नाही, माझ्याकडे स्टीलचा चमचासुद्धा नाही. दोघींनी तरी त्याचं अख्खं गोदाम उपसलं. तिथून परतल्या त्या थेट स्वयंपाकघरात. मी ओट्याला टेकून उभा. विमलाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "बाळा, जीभ बरी झाली असेल तर आता खरं बोलतोस का?" मी गोणी दाखवली.

मावशी, गोणी दिसली आणि उत्तराकाकू फटाफट बोलायला लागली. म्हणजे मंजुळाला माहीत होतं, माझी वाटी घरात ठेवून तीच आम्हाला न्याय देत बसलेली, येऊ दे तिला, मंडळाच्या मीटिंगमध्ये बघते, अध्यक्षपद काढून घेते. साईनाथने ग्रुपवर माझा फोटो आधीच टाकलेला, त्याच्याखाली "चोर सापडला", आणि त्याच्याखाली अख्ख्या बिल्डिंगचे मेसेज, मंजुळाताईंनी खुलासा करावा, मंजुळाताईंनी खुलासा करावा. मी मनातल्या मनात पिशवी भरायला लागलेलो. (माझी सवय तुला माहीत आहे.)

विमलाबाई मात्र खाली बसलेल्या, मी फाडून टाकलेले पेपर गोळा करत. एक सरळ केला, तारीख बघितली. दुसरा बघितला. तिसरा. मग म्हणाल्या, "उत्तरा, हे पेपर सीताराम भाऊ गेले त्या आठवड्यातले आहेत." म्हणजे आपले काका. आणि एकेक भांडं हातात घेऊन सांगायला लागल्या. ह्या पातेल्यात मी पिठलं पाठवलेलं. हा डबा पहिल्या मजल्यावरच्यांचा, भात. ह्या पेल्यात ताक, ती काही खात नव्हती म्हणून. काका गेल्यावर तुझ्याकडे चूल पेटत नव्हती, जिन्यातून सगळ्यांनी भांडी भरून पाठवलेली. आणि रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. तू ते घासलंस, पुसलंस, पेपरात बांधलंस, म्हटलं असशील, जरा सावरले की काहीतरी करून भरून देईन. आणि मग ते राहिलं. आज राहिलं, उद्या राहिलं, मग द्यायचीच लाज वाटायला लागली असेल. (हे मी म्हणत नाही, विमलाबाई म्हणाल्या. मला तर पेपर म्हणजे पेपर वाटलेले.) उत्तराकाकूने वाटी हातात घेतली, फिरवली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, वरण. वाटीभर वरण मीच पाठवलेलं की गं मंजुळाकडे. माझ्या ह्या हातांनी.

मला वाटलं, आता दोघी रडतील. कसलं काय! विमलाबाई म्हणाल्या, "मग माझ्याकडून घेतलेली नवी वाटी तेवढी परत आण, आणि भरून आण." काकू म्हणाली, आणते, पण तू तेव्हा एकदा तरी ओरडून सांगायचंस की नाही, नुसती रडत काय बसलीस. विमलाबाई म्हणाल्या, तू ऐकलं असतंस? ह्यावरून पुन्हा जुंपली, आणि भांडता भांडता दोघींनी आंब्याच्या तीन वाट्या संपवल्या. काकू म्हणाली, साखर कमी आहे. विमलाबाई म्हणाल्या, चिकू नको होता. मला कोणीच विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत अख्खा जिना येऊन आपापलं भांडं घेऊन गेला, काही दह्यासकट. तुला माहीत होतं का, ह्यावर दोघींचं अजून जमत नाही. काकू म्हणते, माहीत असणारच. विमलाबाई म्हणतात, त्या दिवसांत मंजुळाला स्वतःची वेणी घातलीय का नाही ते कळत नव्हतं, वाटी कुठली कळणार? जिच्यावर आळ आला तीच तुझ्या बाजूने उभी राहिली, हे बघून मी परत सन्न. शेवटी काकूनेच ठरवलं की मंजुळाला ह्यातलं काही कळता कामा नये. साईनाथला कान धरून ग्रुपवरचं सगळं काढायला लावलं. आणि मला शपथ घातली.

मी एकदम बरा आहे. जिभेचं टोक अजून जरा जड आहे, पण बोलायला कोणी नसल्यामुळे चालतंय. तुझ्या तब्येतीला जप, पायऱ्या उतरताना घाई करू नकोस.

तुझाच भाचा,
धम्मपाल

ता. क. शपथ मोडली हे माझ्या लक्षात आहे. पण तू फोन चालू केल्यावर ग्रुपवर "हा मेसेज काढून टाकला आहे" असं चाळीस वेळा दिसेल, आणि तू कुणाला तरी विचारशीलच. तर विचारू नकोस. घरी आल्यावर सगळे तुला काही माहीत नसल्यासारखे वागतील, तूही तशीच वाग. कुणाकडे नवीन भाजी दिसली तर खा आणि गप्प बस. आणि ओट्याखाली बघू नकोस, तिथे गोणी नाही. (माहीत होतं का, हे मी विचारत नाहीये. मला सांगूही नकोस, माझ्या पोटात काही राहत नाही.)

ता. क. २. खरं काम राहिलं. सगळी भांडी गेल्यावर एक उरलं, कुणाचंच नाही. तीन पुडांचा डबा. मी तो फेकायच्या बेतात होतो, तेवढ्यात नाव वाचलं. "सौ. दर्शना उत्तम साळवे, सिन्नर." मावशी, हा आईचा डबा! काका गेले तेव्हा तिने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घालून माझ्याच हातात दिलेला. मी तो तुला नेऊन दिला आणि इथून तिकडे, तिकडून आणखी कुठे असं करत तीन आठवड्यांनी घरी गेलेलो. आई म्हणाली, वाटेत विकून खाल्लास. चार वर्षं ती मला साधी पिशवीसुद्धा हातात देत नाही. आणि खरं सांगू? एवढ्या वेळा ऐकून मलाच वाटायला लागलेलं की विकला असेन. मी डबा हातात घेऊन तसाच जमिनीवर बसलो. मी दिलेला गं! नीट दिलेला!

तू आईला फोन करून सांगू नकोस. डबा मीच नेणार, हातात घेऊन, दारातून सरळ आत. पण रिकामा कसा नेऊ? मला दह्याशिवाय काही येत नाही, आणि माझं दही कसारा यायच्या आत पाणी होईल. तू आलीस की तुझ्या हातचं काहीतरी भरून दे, काहीही चालेल. घाई नाही. तोपर्यंत मी कुठेही जात नाही.