आप्पांनी निवडलेला फोटो

कवठे महांकाळ
१२ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. दाजींनाही सांग. औंधच्या जत्रेपासून तू घरच्या कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. अक्षर लागेल तसं वाच.

मी बरा आहे. मधे जतला होतो, तिथून विजापूरला जायचं होतं. पण वाटेत एकाची गाडी बंद पडलेली, ती ढकलता ढकलता त्याच्याच घरी दोन दिवस राहिलो. त्याच्या आईनं बाजरीची भाकरी अशी केली की बस. ते असू दे.

पाकिटात तीन फोटो आहेत. तिन्ही एकच आहेत, आपला डोंगराखालचा माळ. साताऱ्यात वीरधवल म्हणून माझा एक स्टुडिओवाला दोस्त आहे. तो म्हणाला, एका हॉटेलच्या भिंतीला फोटो पाहिजे, पण जरा सजवून दे. म्हणून मोबाईलवर तीन तऱ्हा केल्या. पहिल्यात गवत हिरवंगार केलंय, म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं पाणी थेट माळावर चढल्यासारखं. दुसऱ्यात सगळं हळदीसारखं पिवळं आणि मऊ, तो मला आवडतो. तिसरा बिघडलेला. रंगच काढून टाकला आणि काळं-पांढरं इतकं ताणलं की आभाळ चुन्यासारखं, दगड कोळशासारखे. तो चुकून प्रिंट झाला.

आईनं हिरवा उचलला. म्हणाली, फोटूत तरी असू दे.

आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांना तिन्ही दिले. हिरवा हातानं चाचपला आणि म्हणाले, कागद चांगला आहे. पिवळा तसाच मांडीवर ठेवला. मला जरा लागलंच. तिसरा मात्र उन्हात धरला, तिरका केला, पार नाकाजवळ नेला आणि हसले.

"ह्यो खरा. ही बघ मेंढरं पांगल्यात. आन् कडंची ही आपली भुरी. तिला कळपात ऱ्हायाला नगोच असतंय, तुझ्यावाणी."

अक्का, त्या फोटोत एकही मेंढरू नाही. कळप त्या दिवशी खाली ओढ्याला होता. ते दगड आहेत.

दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं आपलं कोकरू आप्पा बांधावरून बोट करून दाखवायचे, आठवतंय ना? नुसत्या मानेवरून ओळखायचे.

मी म्हणालो, व्हय, भुरीच. दुसरं काय म्हणणार. मग हळूच विचारलं, पिवळ्या फोटूत न्हाईत व्हय मेंढरं? त्यांनी बराच वेळ काडीनं माती उकरली.

"आईला बोलू नगं. लय दिस झालं, समदं पिठावाणी दिसतंय. माणूस बोललं की कळतंय कोण त्ये."

रात्रभर मला तेवढंच ऐकू येत होतं. माणूस बोललं की.

औंधच्या जत्रेत यमाईच्या पायऱ्यांवर तू त्यांच्या समोर चार हातांवर उभी होतीस. बोलली नाहीस. आधी बापानं हाक मारावी म्हणून थांबलीस, आणि ते तुझ्या बाजूनं निघून गेले. तू मनाशी धरलंस की तुझ्या मर्जीच्या लग्नाचा राग अजून गेला नाही. मीही तेच धरलं होतं. आणि घरी आल्यावर आप्पा आईला विचारत होते, पोरगी जत्रंला आली न्हवती व्हय?

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, तू आधी एका जागी ठर. तुझं ऐकतील.

वीरधवलला पिवळा मोबाईलवरूनच पाठवतो. हिरवा तुला, लोणंदच्या तुझ्या घरात भिंतीला लाव. तिसरा मात्र येताना घेऊन ये, तो त्यांचा आहे. आणि दारात आलीस की वाट बघू नको. आधी तू बोल. फार काही नाही, नुसतं 'आप्पा' म्हण.

तुझा,
तू येईपर्यंत घरीच असलेला,
सूरज