हरीमामांची पेटी आणि गाडीचा प्रसाद

रत्नागिरी,
दिवाळीला चार दिवस

तीर्थस्वरूप हरीमामा यांना दर्शनचा साष्टांग नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे तो सध्या पत्रातूनच). तुमची तब्येत बरी असेल, गुडघ्यांना तेल लावत असाल आणि संध्याकाळी जेटीवर चक्कर होत असेल असं धरून चालतो. धरून चालतो म्हणण्याचं कारण, फोनवर तुम्ही "बराय" एवढंच म्हणता आणि ठेवून देता. म्हणून शेवटी कागद घेतला. टपालाने पाठवलं तर तुळशीच्या लग्नापर्यंत तरी पोचेल की नाही कोण जाणे, त्यापेक्षा शेजारच्या सखारामकाकांची योगिनी उद्या दाभोळला जातेय, तिच्या हाती देतो. इकडे आई, तुमची भाचेसून शमिका आणि मी खुशाल आहोत. गाडी खुशाल नाही.

आधी आभार मानतो, नाहीतर गाडीच्या रडगाण्यात ते राहून जातील. तुमची हत्यारांची पेटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी एसटीने सुखरूप पोचली. मामा, नऊ वर्षांचा असताना मी यातल्या पक्कडीने कालवणातल्या कुर्लीच्या नांग्या फोडल्या होत्या आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. त्याच माणसाने बोटीच्या इंजिनखात्यात तीस वर्षं वापरलेली अख्खी पेटी मला पाठवावी, याने मी खरोखर गहिवरलो. पण आतली तुमची चिठ्ठी वाचली, "मला आता हिचा उपयोग नाही, दसऱ्याची पूजा तू कर," आणि ती तशीच आईपुढे धरली. आईने ती दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की, मामी गेल्यावरसुद्धा हरी पेटीला तेलपाणी करत होता, आता मात्र त्याने हात टेकलेले दिसतात.

त्यातच दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर सांगितलंत की यंदा भाऊबीजेला मला धरू नका. तुम्ही बोटीवर असायचात तेव्हा आई चंद्राला ओवाळायची, ते वेगळं. पण भाऊ दाभोळात घरी बसलेला असताना चंद्राला कशाला त्रास, म्हणून ठरलं की आम्हीच तुमच्याकडे यायचं. आईच्या कमरेला एसटी सोसत नाही, तेव्हा आपल्या गाडीने, दोन फेरीबोटी ओलांडून. आता प्रश्न फक्त गाडी चालू राहण्याचा होता, आणि तोपर्यंत ती चालू होती हे मी शपथेवर सांगतो.

घोळ दसऱ्याच्या पूजेत झाला. पेटी पाटावर मांडली, एकेका पान्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग गाडीची पूजा. सखारामकाकांचं (एसटीत पस्तीस वर्षं ड्रायव्हर, त्यामुळे वाहनांच्या धर्मशास्त्रात त्यांचा शब्द शेवटचा) म्हणणं पडलं की, नुसत्या पत्र्याला ओवाळून काय होतं, जीव इंजिनात असतो. मला ते पटलं. बॉनेट उघडलं, बॅटरीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, त्यावर खोबरं-साखरेचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या आणि बॉनेट बंद केलं. प्रसाद आत राहिला. तो मी विसरलो, पण उंदीर विसरला नाही.

चौथ्या दिवशी चावी फिरवली तर गाडी गप्प. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन काही हूं का चूं करत नाही. गॅरेजवाल्याने सांगितलं, दिवाळीनंतर या (म्हणजे बंद गाडी घेऊन मीच जायचं). सखारामकाकांनी कुंपणावरूनच निदान केलं, "काय नाय, बॅटरी गेली तुजी." मला वाटलं, घरात हरीमामांची पेटी असताना गॅरेजवाल्याचे पाय धरायचे हा पेटीचा अपमान आहे. मामा, ही माझी पहिली चूक. बाकीच्या मोजल्या नाहीत.

पहिल्या रविवारी मी बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुतली. चांगली चकाकली, गाडी गप्पच. दुसऱ्या रविवारी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला गृहस्थ "हे असं काढायचं" म्हणून एअर फिल्टरचा डबा दोन सेकंदांत काढतो. मला दहापासून दीडपर्यंत वेळ लागला, आणि परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले. (ते शमिकाने मिसळणाच्या डब्यात मोहरीशेजारी जपून ठेवले आहेत.) मग स्टिअरिंगखाली आडवा होऊन फ्यूज चाचपत होतो, तेव्हा कशाला काय लागलं कळलं नाही, पण हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. वेळ दुपारची, सगळी आळी जेवून आडवी झालेली. सगळे आले, कोणी रागावलं नाही, पण प्रत्येकाने सल्ला दिला, त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. उसण तेव्हाच भरली.

त्यानंतर दहाचा पाना पडला. हातातून सुटला, टण् टण् करत इंजिनात गेला आणि खाली जमिनीवर काही आला नाही. तुमचा पाना, दांड्यावर तुम्ही कोरलेला 'ह' असलेला. मला गाडीपेक्षा त्याचीच धास्ती बसली. पेटीत काही उपाय सापडतो का म्हणून तळाचा कप्पा उपसला, तर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक निघालं, दोरी बांधलेलं. मामा, म्हणजे कधीतरी तुमच्याही हातून पाना पडला होता. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. गरी टाकून बसावं तसा मी अर्धा तास दोरी सोडून बसलो. कप्प्याच्या तळाला तुमच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं, 'आधी बघ, मग हात लाव.' दोन रविवार मी नेमकं उलटं केलं होतं.

म्हणून पाना वर आल्यावर हात मागे बांधले, टॉर्च घेतली आणि नुसता बघत बसलो. तेव्हा दिसलं. बॅटरीखाली केळीच्या पानाच्या चिंध्या, खोबऱ्याची साल, चार अक्षता आणि शेजारी स्टार्टरकडे जाणारी बारीक वायर, मधोमध कुरतडलेली. प्रसाद खाऊन झाल्यावर उंदराने ती तोंडी लावायला घेतली असावी.

आता वायर जोडणं हे काही माझ्यासारख्या कारकुनाचं काम नाही. माझ्या जोडाच्या भरवशावर आईला दोन फेरीबोटी ओलांडून आणायची माझी छाती होत नाही. तेव्हा तुम्हीच इकडे आलात तर गाडीचं भलं होईल. तुमची पेटी तेलपाणी करून, झाकणात चिकटवलेल्या तुमच्या यादीप्रमाणे लावून ठेवली आहे. तुम्ही मला सायकल शिकवलीत, पोहायला शिकवलंत, आणि आता दाभोळात बसल्याबसल्या बघायलाही शिकवलंत. या सगळ्याबद्दल मनापासून आभार. मामींच्या फोटोला माझा नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
दर्शन

ता. क. भाऊबीजेच्या आधी आलात तर सोयीचं होईल. सोय गाडीची, गैरसमज नको.

ता. क. २ (हे अक्षर शमिकाचं.) मामा, नमस्कार. पत्र घडी घालायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. वायर यांनी गुरुवारीच जोडली, तुमच्याच पेटीतली टेप लावून. चावी लावताच गाडी सुरू झाली. तेव्हापासून आम्ही दोनदा बाजारात आणि एकदा भाट्याला जाऊन आलो. आज सकाळी पत्र लिहायला बसण्याआधी यांनी तो जोड परत सोडला, म्हणजे पत्रात खोटं नको. टोकं कागदात गुंडाळून ठेवली आहेत आणि शेजारी तुमची पक्कड. उघडी वायर आहे असं कळलं की तुम्हाला झोप लागणार नाही, हा यांचा हिशेब. मला जोड चांगला वाटला होता, पण तो तुम्ही बघावा असं यांना फार वाटतं.

ता. क. ३ (आई सांगतायत तसं लिहिते.) हरी, गाडीचं तुम्ही मामा-भाचे बघा. मला चंद्राला ओवाळायचं म्हणजे मान वर करावी लागते, आणि माझी मान दुखते. तू ये.