सँट्रोची खडखड गेली

१३ जानेवारी, सोमवार

टाकली गाडी गॅरेजात! सातिवलीला, क्लेमेंटकडे. टाकणार नव्हते. पण शनिवारी कुशल — माझ्या मोठ्या जावेचा मुलगा — चार लोकांत म्हणाला, "काकींची सँट्रो पारनाक्यावर असते, तेव्हा आमच्या वाडीतली कुत्री उठून बसतात." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन जेवले नाही.

क्लेमेंट गाडीखाली शिरला नि काळजीचा चेहरा करून बाहेर आला. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर करतात तसा. "आंटी, हिचं खालचं सगळं गेलंय. शॉकअप, स्प्रिंगा, ॲक्सल. क्लचपण घसरतोय." म्हटलं, सगळं बदल. आणि होतं तसलंच नको, वरच्या दर्जाचं घाल. मेल्याचे डोळे असे चमकले!

१५ जानेवारी, बुधवार

गाडी नाही, म्हणून बाजार नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून बुधवार म्हणजे मी आणि माझी जाऊ, कुशलची आई, मालनवहिनी. वसईच्या बाजारात मासळी, भाजी, मग किल्ल्याच्या बाजूला गाडी लावून शेंगा. वहिनींचं एरवी बाहेर पडणं नाही. घर वाडीच्या पार आत, केळीच्या मागे. रस्त्यावरून दिसतही नाही. माझी खडखड ऐकली की त्या फाटकाशी येतात. मी हॉर्न देत नाही. लोकांच्या दारात उभं राहून हाका मारू नयेत, हे शाळेत सिस्टर कॅथरिननी हातावर पट्टी मारून शिकवलंय. हॉर्न म्हणजे तेच.

चुकल्याचुकल्यासारखा दिवस गेला.

२० जानेवारी, सोमवार

गाडी आली! गॅसचे शॉकअप, जाड स्प्रिंगा, नवा क्लच, दोन्ही ॲक्सल नवे, इंजिनाखालची रबरं नवी. गिअर बोटाच्या टोकाने पडतो. पारनाक्याच्या खड्ड्यांतून आले, पोटातलं पाणी हललं नाही. क्लेमेंटने काचा वर करून स्वतः एक फेरी मारून दाखवली. "ऐका आंटी. काय ऐकू येतंय? काहीच नाही ना?"

कुशलच्या कुत्र्यांना आता झोपू दे.

२२ जानेवारी, बुधवार

गाडी बघायला या म्हणून आधीच निरोप धाडला होता. वहिनी आणि त्यांची सून अक्षया, दोघी फाटकाशी आल्या. अक्षयाने कौतुक केलं. वहिनी गाडीत बसल्या त्या बसल्याच. जाता-येता मी एकटी बोलत होते. क्लेमेंट, झालेला खर्च, माझ्या तेजसची नवी नोकरी. त्या खिडकीबाहेर बघतायत. मध्येच एक "हं".

एरवी याच गाडीत आम्ही दोघी एकमेकींच्या वर आवाज चढवतो! आणि आज, मी इतकी हौस केल्यावर, चांगली झाली गं गाडी — एवढंही तोंडातून निघू नये?

कळतं हो मला.

२९ जानेवारी, बुधवार

आठवडाभर धुमसत होते. आज बघते तर बाई आधीच फाटकाशी उभ्या. चेहरा खुललेला, जणू मागच्या बुधवारी काही झालंच नाही. त्यानेच डोकं फिरलं. बाजाराच्या वळणावर म्हणाले. आवाज चढवला नाही. मला टोचायचं असतं तेव्हा मी हळूच बोलते.

"वहिनी, जन्मात स्वतःच्या कमाईचं काही घेतलं असतंत, तर दुसऱ्याचं बघून असं पोट दुखलं नसतं."

 मान वळवली, खिडकीबाहेर. शेंगा विचारल्या तर नुसता हात हलवला.

बोलले ते बरं झालं. कधीतरी बोलायलाच हवं होतं.

झोप येत नाहीये.

५ फेब्रुवारी, बुधवार

फाटकाशी थांबले, बराच वेळ. कोणी आलं नाही. एवढा ताठा! एकटीच गेले. बोंबील सवयीने दोघींचे घेतले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. फाटक, मी आणि एक बिनआवाजाची गाडी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अक्षया केळ्यांची फणी घेऊन आली. "काकी, बुधवारचं येणं बंद केलंत का?" म्हटलं, बंद? तासन्‌तास फाटकाशी उभी असते. ती गोंधळली. "आईंना विचारलं तर म्हणाल्या, हेमांगी आली नसेल." मग म्हणाली, "बरोबर. गाडीचा आवाजच नाही आता. त्यांना कसं कळणार?"

आणि मग सगळं सांगितलं. वहिनींचे कान दोन-तीन वर्षांपासून गेलेत. टीव्ही लावला की शेजारपाजार ऐकतो. यंत्र आणून दिलं, ते डबीसकट कपाटात. चारचौघांत लाज वाटते म्हणे. "तुम्हाला कसं कळलं नाही, काकी? आई तर म्हणायच्या, हेमांगीच्या गाडीत मला सगळं ऐकू येतं."

येणारच. त्या खडखडीत मी बोंबलत होते ना!

जन्म काढला मी कानाला हेडफोन लावून. नुसत्या श्वासावरून सांगायचे, पलीकडे माणूस आहे की लाइन मेलीय. आणि शेजारच्या सीटवरची बाई मला कळली नाही. कमाई काढली मी त्यांची! माझ्या रात्रपाळ्यांत तेजस कोणाच्या कुशीत झोपायचा? त्या घरी होत्या म्हणून मी पगार आणत होते.

एकच देवाची कृपा. ते वाक्य मी हळू बोलले. त्यांना ऐकू गेलं नसणार. नाहीच गेलेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

क्लेमेंटला म्हटलं, जुनं सामान परत बसव. "ते भंगारात गेलं, आंटी. आणि खडखड कोण बसवून मागतं?" हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला, चहा सांगितला. मी न पिताच निघाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज वाडीतून चालत थेट घरात गेले. हाताला धरून म्हटलं, चला. आल्या. किल्ल्यापाशी गाडी लावली आणि मोठ्याने बोलले, "वहिनी, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊकच नव्हतं."

"त्या दिवशी येत होतं," त्या म्हणाल्या. "यंत्र घालून आले होते. पहिल्यांदाच. म्हटलं, हेमांगीची गाडी आता शांत झालीय, तिचं नीट ऐकू या."