पट्ट्याचे तीन गुण

९ नोव्हेंबर, रविवार

अरविंद गेला. सकाळी पावणेआठला, रायसेन रोडवर. गिट्टीचा डंपर चुकीच्या बाजूने समोर आला. शैलावहिनी शेजारच्या सीटवर होत्या, त्या वाचल्या. खांद्याचं हाड मोडलंय, बाकी ठीक आहेत. देवा, तुझे उपकार. हे आधी लिहून ठेवतो, पुढचं लिहायला हात होत नाही.

सर्दी होती म्हणून मी आज गेलो नव्हतो. दर रविवारी सातला पिपलानी मार्केटच्या चहावाल्यापाशी आमच्या जुन्या गाड्या जमतात. पोहे-जलेबी, मग गावाबाहेर एक फेरी. आठ वर्षांचा नेम. फोन खानसाहेबांचा आला, ग्रुपचे मुखिया तेच. "जोगलेकर साहब, पहले बैठ जाइए." मी बसलो नाही. उभ्यानेच ऐकलं.

म्हणाले, भाभीजींनी सीटचा पट्टा लावला होता. अरविंदजींच्या बाजूला पट्टाच नव्हता.

का नव्हता ते मला माहीत आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी विश्रामघाट, इथलं स्मशान. खानसाहेब म्हणाले, अरविंदजींना आपण आपल्याच गाड्यांतून पोचवायला जाऊ. नऊ गाड्या, एकामागे एक, कोणी हॉर्न वाजवला नाही. माझी सोनागिरीच्या चढावर बंद पडली. चौघांनी उतरून ढकलली, तीही पांढऱ्या कपड्यांत. अरविंद असता तर आठवडाभर चिडवलं असतं.

आता ते लिहून टाकतो. फेब्रुवारीच्या शोमध्ये 'ओरिजिनल'चे गुण मी देतो. कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, म्हणून ते काम माझ्याकडे. गाडी पहिल्या दिवशी होती तशी हवी. नंतर काही बसवलं की गुण कापायचे. अरविंदने त्याच्या हिरव्या गाडीत पुढे दोन पट्टे बसवून घेतले होते. तिच्या जमान्यात पट्टे नसायचेच. मी एकेकाचे तीन कापले. दोन गुणांनी त्याचा पहिला नंबर गेला. तो मला म्हणाला, "इन्स्पेक्टर, तुम्ही सख्ख्या भावालाही सोडणार नाही." मला ती तारीफ वाटली.

दिवाळीनंतर त्याचा फोन. "माझा पट्टा काढला. आता तीनच कापा."

मी काय म्हणालो? "शाबास. दुसरा पण काढ की, पैकीच्या पैकी देतो."

"तो शैलाचा आहे. तो राहू दे."

मी हसलो होतो. 'बायकोला घाबरतोस' असलं काहीतरी बोललोसुद्धा. त्याने माझं निम्मंच ऐकलं. सगळं ऐकलं असतं तर आज घाटावर...

नको.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मोबाइलवर फोटो फिरतायत. ओळख ना पाळख, लोक खाली लिहितात, 'पुरानी गाड़ी मतलब चलता-फिरता डिब्बा'. एक महाभाग म्हणतो, असल्या गाड्यांवर बंदी घाला. आणि आमच्यातलेच दुसरे महाभाग, बाहेरगावचे शौकीन, त्यांचा सरळ मला मेसेज. हिरवीच्या डॅशवरचं घड्याळ शाबूत आहे का, विकतील का, विचारून सांगाल का. राख थंड झाली नाही अजून! तीन ओळी लिहिल्या, तिन्ही पुसल्या, ब्लॉक केलं.

सौ.ने विचारलं, जेवत का नाही. तिला सांगितलं सगळं. हातातला डाव तिने खाली ठेवला. मग म्हणाली, "शैलाला सांगायला हवं तुम्ही." एवढंच. ताट मात्र पुन्हा गरम करून आणलं. चाळीस वर्षं हेच चाललंय आणि मी कधी तिला साधं 'बरं झालं तू आहेस' म्हटलेलं नाही. आज म्हटलं. म्हणाली, भात कालवा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटलात गेलो. वहिनी उशीला टेकून बसलेल्या. डाव्या खांद्यापासून खाली पट्ट्याचा वळ, काळानिळा, गळ्याशी दिसत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो आणि तोच दिसत होता.

"भाऊजी, ह्यांचा तुमच्यावर फार जीव होता हो."

सांगायला तोंड उघडलं. नर्स आली. नर्स गेली, तरी मी गप्पच. संत्री सोलून दिली, झालं. भित्रा साला.

एक काम सांगितलं त्यांनी. रस्त्याकडेला पेरू विकणारी एक बाई होती, तिने दार ओढून त्यांना बाहेर काढलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हात धरून बसली. तिला भेटून या म्हणाल्या. संध्याकाळी गेलो. मुन्नीबाई नाव. मी हात जोडले तर उलट रागावली. "बाबूजी, हाथ मत जोड़ो. साथ वाले साहब को बहुत देर तक बोलती रही कि भैया उठो, वो उठे नहीं." तिलाच रडू आलं. शेजारच्या दगडावर बसून राहिलो तिच्यापाशी. निघताना तिने पिशवीत पेरू टाकले, पैसे घेईना.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळे जमले, गाड्या कोणीच आणल्या नाहीत. स्कूटर नाहीतर सिटी बस. पोहे मागवले, कोणी खाल्ले नाहीत.

मी सांगून टाकलं. गुण, फोन, 'दुसरा पण काढ', सगळं. हिंदीत सांगताना मध्येच मराठीत शिरलो, तरी कळलं सगळ्यांना. खानसाहेब म्हणाले, "कापे आपने थे. ताली तो हम सबने बजाई थी."

मग नियमावर वाद. एक जण म्हणाला, पट्टे चालू दिले तर उद्या लोक एसी लावतील, मग काय राहिलं जुनं? महिनाभरापूर्वी हेच मी म्हणालो असतो, याच सुरात. त्याच्यावर चिडता येईना. ठरलं असं की पट्ट्याचे गुण कापायचे नाहीत, पट्टा नसेल तर गाडी शोमध्येच नाही. नवा कागद जोगलेकर साहबच बनवतील. मी म्हटलं, माझ्याकडून काढून घ्या हे काम. खानसाहेबांनी ऐकलं नाही. "आप ही बनाएँगे. अब आपसे अच्छा कोई नहीं जाँचेगा."

या माणसांचं काय देणं लागतो मी! एकानेही पाठ फिरवली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इंद्रपुरीत मिस्त्रीकडे गाडी नेली. पट्ट्यासाठी गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडावी लागतात. त्याने ड्रिल हातात धरून तीनदा विचारलं, "साहब, छेद करूँ? बाद में मत कहना." मागे एकदा याच माणसाला मी एका चुकीच्या स्क्रूवरून तासभर झापलं होतं. "कर," म्हटलं. चार भोकं. मागच्या सीटसाठी आणखी चार. डोळ्यांत पाणी आलं, ते पत्र्यासाठी नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झोप दुपारीही नाही. अरविंदबद्दल लिहावंसं वाटतं.

मी रिटायर झालो तेव्हा सहा महिने नुसता गॅलरीत बसून होतो. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो, नोकरी संपली, आता इथला कोण मी? अरविंद ग्वाल्हेरचा, शाळेतला गणिताचा मास्तर, भाजीबाजारात ओळख झाली. म्हणाला, "तुम्हाला चुका काढायची सवय दिसते. चला, माझ्या गाडीत भरपूर आहेत." त्या रविवारी मला हिरवीच्या खाली झोपवलं. काळा होऊन घरी आलो, सौ.ने दारातच थांबवलं. किती महिन्यांनी भूक लागली होती त्या दिवशी.

आठ वर्षं. एवढं मिळालं मला, आणि मी त्याला काय दिलं तर उणे सहा.

उद्या तेरावा. सौ. म्हणते, वहिनींना उद्या सांगू नका, गर्दी असेल. पण त्यानंतर टाळलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. ती खरंच बोलणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

दुपारी चारला गेलो. वहिनी घरी आल्यात, हात झोळीत. बहिणीला आत जायला सांगितलं त्यांनी, माझा चेहरा बघून असेल. मी बसलोच नाही. फेब्रुवारीपासून सुरुवात केली. गुण कापले ते सांगितलं. फोनपाशी आलो. त्यांनी पाणी पुढे केलं, डाव्या हाताने जमेना म्हणून उजव्याने, सावकाश. मी पाणी प्यायलो आणि म्हटलं, "वहिनी, तुमचाही काढ म्हणालो होतो मी."

"माहीत आहे."

मला कळेना.

"मी तिथेच भाजी निवडत होते. फोन स्पीकरवर होता, भाऊजी. तुमचा फोन ते नेहमी स्पीकरवरच घ्यायचे, मला ऐकवायला. इन्स्पेक्टर बघ कसे बोलतात म्हणून हसायचे."

म्हणजे हॉस्पिटलात संत्री खाताना त्यांना माहीत होतं. मुन्नीबाईकडे पाठवलं तेव्हाही.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, "तुम्ही सांगता का ते बघत होते. सांगितलं नसतं तर तुमचं तोंड पाहिलं नसतं परत."

मी हात जोडले. आभार मानायचे होते की माफी मागायची होती, दोन्ही एकदम आलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"माझा राग गेलेला नाही. ह्यांच्यावरही आहे, स्वतःचा का काढला म्हणून. जाईल की नाही, मला सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "पण तुम्ही यायचं बंद करू नका. ह्यांच्याबद्दल बोलायला दुसरं आहे कोण मला इथे?"

गुरुवारी या म्हणाल्या. सौ.लाही आणा.

गुरुवारी जायचं आहे.