पहिले पाचशे मैल

सोमवार, ३
खोली मिळाली. पूर्वेला खिडकी, लोखंडी खाट, भिंतींना नवा रंग. गॅरेज चालत सात मिनिटांवर. वीस वर्षं शाळेची बस चालवली, आता हे. मालकांनी हात मिळवला आणि कापड ओढलं. गडद हिरवी विलायती रोडस्टर गाडी, साठ वर्षांपूर्वीची. दोनच सीटा, टप मागे दुमडलेला, तारांची चाकं. मिस्त्रींनी पाच वर्षं खपून तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा करून पुन्हा जोडला. आता ती विकायची आहे. पण इंजिन नव्याने बांधलं की आधी पाचशे मैल हळू चालवावं लागतं, म्हणजे आतले भाग एकमेकांत मुरतात. ते माझं काम. मिस्त्री म्हणाले, बाळंतीण आहे असं समज. पंचेचाळीसच्या वर नेलीस तर तुझा कान माझ्या हातात. शिवाय चालवताना बडबड करायची नाही, इंजिन ऐकायचं. मी म्हटलं, शेजारी कुणी असेल तर बडबड ना. ते हसले नाहीत.

बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो.

मंगळवार, ४
पंचावन्न मैल. नदीकाठचा रस्ता, रहदारी नाही. दुसऱ्या गिअरमध्ये किंचित कुरकुर होती, दुपारपर्यंत तीही गेली. रिकाम्या सीटकडे बघून मोठ्याने बोललो. बायकोला जाऊन चार महिने झाले. त्या घरात बोलता येत नव्हतं. भांडीसुद्धा कान देऊन ऐकतायत असं वाटायचं. इथे वारा सगळं घेऊन जातो. तिला आमची पहिली भेट सांगितली. ती शाळेत नवीन बाई होती. माझ्या बसच्या दारात तिची चप्पल अडकली, आणि ती एका पायावर लंगडत माझ्याशी भांडायला आली. मुलं टाळ्या वाजवत होती.

सांगून हलकं वाटलं. मिस्त्रींना कशाला कळतंय.

गुरुवार, ६
चौकात थांबलो होतो. डावीकडून आवाज आला, मोकळं आहे, जा.

बायको शेजारी बसली की नेहमी हेच म्हणायची. मी गेलो. दोन मैलांनी कळलं, कुणाचं ऐकून गेलो ते.

शुक्रवार, ७
ती आहे. कुणाला सांगू? केस वाऱ्यावर, हात मांडीवर. मी एकेक सांगत राहिलो, ती म्हणत राहिली, मग? गोष्ट आवडली की तिचं हे मग सुरू व्हायचं. गॅरेजच्या फाटकाशी आलो तर सीट रिकामी. हात लावून पाहिला. चामडं कोमट होतं.

मी सुखात आहे. हे लिहायला लाज वाटत नाही.

रविवार, ९
सुट्टी. धाकट्या बहिणीचा फोन. म्हणाली, दादा, वहिनीची ती चपलेची गोष्ट काल मुलांना सांगितली, पोट धरून हसली. मी विचारलं, कोणती चप्पल? ती म्हणाली, थट्टा पुरे. मग रडली.

मंगळवारचं पान काढून वाचलं. अक्षर माझं. गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी.

सोमवार, १०
मिस्त्रींना विचारलं. ते हात पुसत राहिले. म्हणाले, बोललास ना, गाढवा? पहिले वीस मैल गाडी त्यांनी स्वतः चालवली होती, आणि वीस मैल आईबद्दल बोलत होते. आता त्यांच्या पाकिटात एका म्हातारीचा फोटो आहे. लोक सांगतात म्हणून ती आई. मी म्हटलं, मग मालकांना सांगत का नाही? म्हणाले, सांगितलं होतं. त्यांनी मला आठ दिवस रजा दिली.

आज तोंड मिटून चालवायची ठरवली.

मंगळवार, ११
काल गप्प राहिलो. ती विरायला लागली. आधी बोटं, मग खांदा. हॉस्पिटलातही अशीच गेली होती, थोडी थोडी. पुन्हा बघवेना. बोललो. आमचं पहिलं घर दिलं. तिचं रुसून भिंतीकडे तोंड करणं दिलं. आजही दिलं, मिळेल ते.

ती शेजारी असताना आठवण घेऊन काय करायचं?

बुधवार, १२
गाडी विकली गेली. शुक्रवारी सकाळी गिऱ्हाईक नेणार. मालकांना म्हटलं, अजून नीट मुरली नाही, आणखी पाचशे मैल द्या. ते म्हणाले, प्रेमात पडलास काय रे तिच्या?

रस्त्यात बायकोला म्हटलं, आता तू सांग. माझं मला परत सांग. तिने मान वळवली. म्हणाली, मग?

एवढंच. पुन्हा पुन्हा विनवलं. तेवढंच.

गुरुवार, १३
एकच उरलंय. तिची शेवटची सकाळ. माझं बोट धरून ती काय म्हणाली ते. ते द्यायचं नाही. ते माझं—

तीस मैल गप्प. तिच्यातून झाडं दिसायला लागली. पन्नास. नुसता चेहरा उरला. माझ्याकडेच बघत— तोही जायला लागला— मी—

सांगितलं.

ती पूर्ण झाली. हसली. इतकं सुंदर हसणारी— कोण—

शुक्रवार, १४
काम संपलं. गाडी गेली.

गिऱ्हाईक एकटेच आले होते. निघताना बघतो तर शेजारी एक बाई. मिस्त्रींना म्हटलं, जोडी छान आहे. त्यांनी माझा हात घट्ट धरला. का, कोण जाणे.

फाटकापाशी ती वळली. रडत होती. परकी बाई, आणि माझ्याकडे बघून— सीटवरून अर्धी उठून— ओरडत होती काहीतरी, एकच शब्द, पुन्हा पुन्हा— वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण ओठांवरून वाटलं, ते माझं नाव—